देवाला महिना सांगणाऱ्या अक्का

फूल बघायला जायचं असलं की अनसूयाक्का आधी पोटभर जेवून घ्यायच्या. "उपाशी माणसाला फूल दिसत न्हाई," त्या म्हणायच्या, "त्येला त्येचं फळ कवा हुईल तेवढंच दिसतंय." मग ताटातला शेवटचा घास संपवून, हात धुऊन, पदर खोचून त्या उंबऱ्याबाहेर पडत. एकदा बाहेर पडल्या की दुपार टळेपर्यंत त्यांना ऊन, तहान, घरी राहिलेली कामं, कशाचंच भान उरत नसे.

रामनगरहून गणेशगुडीकडे जाताना डावीकडे लाल मातीचा एक फाटा फुटतो. त्याच्या टोकाला आमची शाळा. मी खानापूर भागातून तिथे नोकरीला आले तेव्हा शाळेत मुख्याध्यापक आणि अनसूयाक्का असे दोघेच होते. आमच्याकडे मास्तरणीला कानडीतल्यासारखं 'अक्कोरू' म्हणायची पद्धत आहे. मला सगळे अक्कोरू म्हणू लागले, पण अनसूयाबाईंना मुलं, मुलांच्या आया, बसचा कंडक्टर, सगळेच नुसतं अक्का म्हणत. त्या त्याच भागातल्या. माहेर सुप्याच्या धरणात गेलेलं, सासर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. नवरा गोविंदण्णा भातशेती करायचे आणि दिवसाकाठी मोजकं बोलायचे.

अक्कांच्या वर्गातल्या फळ्याचा उजवा वरचा कोपरा अभ्यासासाठी नव्हता. तिथे त्या रंगीत खडूनं त्या त्या ऋतूतलं एक फूल काढायच्या. एकदा काढलेलं फूल ऋतू पालटेपर्यंत पुसलं जात नसे. खडूच्या पेटीत हवा तो रंग नसला तर त्या हळद घेत, चुलीतला कोळसा घेत, पानं चुरडून त्यांचा रस बोटानं लावत. फळ्याला त्याचे डाग पडले होते. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं, हा फळा इतका कळकट का? अक्का म्हणाल्या, "सायेब, त्यो कळकट न्हाई, त्यो सातवीपातूर शिकलाय."

मुलांनी फूल तोडून आणलेलं त्यांना चालत नसे. बघून यायचं आणि सांगायचं. मग वर्गात उलटतपासणी व्हायची.

"अक्का, पिवळं हाय."

"पिवळं म्हंजे कसलं? हळदीसारखं?"

"न्हाई."

"लिंबासारखं?"

"न्हाई अक्का."

"मग काय कावीळ झालेल्या मास्तरासारखं?"

शेजारच्या खोलीतून मुख्याध्यापक खाकरायचे. त्यांना मागच्या उन्हाळ्यात खरंच कावीळ झाली होती. मुलं हसून लोळायची, आणि दुसऱ्या दिवशी ते पोर पुन्हा जाऊन फूल बघून यायचं. या वेळी नीट.

मला त्यांनी फुलं बघायला न्यायला सुरुवात केली ती मी फार पुस्तकं वाचते म्हणून. "दिसंभर वाचून डोळं खोल गेल्यात तुजे. चल, जरा लांबचं बघ." शाळेत त्या मला 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणत, शाळेच्या फाटकाबाहेर पडलं की 'तू'. त्यांचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं होतं. माघात सुरंगी, फाल्गुनात पळस, वैशाखाच्या शेवटी झाडांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या सीतेच्या वेण्या, भाद्रपदात तेरडा आणि रानहळद, दसऱ्याच्या सुट्टीत कॅसलरॉक.

कॅसलरॉकला आम्ही तिनईघाटहून गाडीनं जायचो. एका वर्षी परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनच्या टोकाला हिंडत होतो. अक्का एकदम उकिडव्या बसल्या. रुळाच्या बाजूच्या खडीत एक निळसर फूल होतं, नखाएवढं. त्या बसल्या त्या बसल्याच. झेंडी घेतलेला एक रेल्वेचा माणूस जवळ आला.

"काय पडलं काय, अक्का?"

"पडलं न्हाई, उगवलंय."

तो वाकून बघायला लागला. मग त्यानं हाक मारून दुसऱ्याला बोलावलं. त्या दोघांनी आयुष्यभर त्या खडीवरून ये-जा केली होती आणि ते फूल कुणीच पाहिलं नव्हतं म्हणे. अक्का पाकळ्यांच्या मधल्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल काहीतरी सांगत होत्या, मी ऐकत होते, आणि आमची गाडी दुसऱ्या फलाटावरून निघून गेली. पुढची गाडी मिळून घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. गोविंदण्णा अंगणात उभे होते. रागावले नाहीत. त्यांनी नेहमीचा एकच प्रश्न विचारला.

"काय म्हणालं फूल?"

"म्हणालं, म्हातारा घरात भात करून ठेवंल, सावकाश जावा."

आणि खरंच भात झालेला होता.

हे सगळं हिंडणं अक्का कशासाठी करत, हे मला पहिल्या चतुर्थीला कळलं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. म्हणजे छताला टांगलेली एक लाकडी चौकट, आणि तिला केवणीच्या झुडपाच्या सालीच्या दोरानं बांधलेली रानातली फळं, फुलं, शेंगा, पानं. घरोघरी असते. बहुतेक घरांत ती पुरुष बांधतात, आणि काकडी, चिबूड, नारळ, सुपारीचा घड असं हाताशी असेल ते बांधून मोकळे होतात. अक्कांच्या घरी मात्र माटोळी बघायला दुसऱ्या गावची माणसं येत. वर्षभर कुठे काय बघितलं, कशाच्या शेजारी काय शोभेल, याचा विचार त्यांच्या डोक्यात बाराही महिने चालू असायचा. भाकरी थापताथापता मध्येच थांबून त्या म्हणायच्या, "घागऱ्यांच्या शेंगा मधी नकोत. कडंला." कशाबद्दल चाललंय हे घरात कुणाला विचारावं लागत नसे.

त्यांची माटोळी बांधायची रीत विचित्र होती. चौकटीखाली जमिनीवर चटई टाकून त्या उताण्या झोपायच्या, दोन्ही हात डोक्याखाली घेऊन. "माटोळी ही खालनं बघायची वस्तू हाय," त्या म्हणत. "उभं राहून बांधणारा स्वतःसाठी बांधतोय." स्टुलावर उभा राहून बांधायचं काम मुलाचं, सतीशचं. एकुलता एक. गणेशगुडीला पर्यटकांना रबरी होडीतून काळी नदीत फिरवायच्या कामाला होता. खांदे भरदार, बोलणं आईसारखं. चतुर्थीच्या आधी तो सुट्टी काढून घरी यायचा आणि मायलेक रानात जायची. उंच झाडावर चढून वेली खाली ओढायचं काम त्याचं. सगळ्यांत मोठा मान कवंडळांचा. कवंडळ म्हणजे रानवेलीचं लालभडक फळ, मुठीएवढं, विषारी, पण दिसायला असं की बाकीचं रान त्याच्यापुढे फिकं पडावं. ते झाडाच्या शेंड्यालाच सापडायचं.

त्या वर्षी मी दारात बसून त्यांचं काम बघत होते.

"डावीकडं घे. आनी थोडं. न्हाई रं, तुजं डावं न्हवं, माजं."

"आई, तू झोपलीयास. तुजं डावं आता माजं उजवं हाय."

"मग माजंच घे. मी बघत्या."

"गणपतीला तरी इचार त्येला कुठलं डावं पायजे."

"त्यो अजून बाजारात हाय. आला की इचारीन. कवंडळ सोड खाली. आनी सोड. हां. थांब. हलू नगंस."

त्या 'हलू नगंस'नंतर अक्का बराच वेळ गप्प राहिल्या. सतीश हात वर करून स्टुलावर तसाच उभा. त्याच्या कोपरावरून घाम गळत होता. मला वाटलं झोप लागली की काय यांना. मग त्या म्हणाल्या, "बांध," आणि त्यानं गाठ मारली.

दोन-तीन वर्षांनी श्रावणात सतीश गेला. पावसात मोटारसायकलवरून घरी येत होता, वळणावर समोरून गाडी आली. यापुढे काही सांगण्यासारखं नाही. चतुर्थी तोंडावर आली होती. घरात सुतक, मग वर्षाचं दुःख. त्या वर्षी त्यांचा गणपती भाऊबंदांच्या घरी बसला.

अक्का शाळेत परत आल्या. पाढे घेत, धडे घेत, मुलांची डोकी विंचरलेली आहेत का बघत. फळ्याचा तो कोपरा मात्र रिकामा राहिला. मुलं फळा पुसताना तेवढा कोपरा सोडून पुसायची. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं, तरीही.

एके दिवशी गोविंदण्णा शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मी बाहेर गेले. ते बराच वेळ कुंपणाची काठी हलवून बघत होते, घट्ट आहे का म्हणून. मग म्हणाले, "बाई, तिला भाईर न्हेत जावा. पयल्यासारखं."

मी नेत राहिले. अक्का यायच्या. आधी जेवायच्या, पदर खोचायच्या, सगळं पूर्वीसारखं. पण पूर्वी त्या मान वर करून चालायच्या, झाडांचे शेंडे बघत. त्यामुळे त्यांना कायम ठेच लागायची आणि एका तरी अंगठ्याला चिंधी बांधलेली असायची. आता त्यांच्या अंगठ्यांना काही होईना. त्या पायाखालची वाट बघत नीट चालत. सुरंगीच्या झाडाखाली उभ्या राहून म्हणाल्या, "वास येतोय." दूध उतू जातंय हे कुणी सांगावं तसं. पळसाच्या वेळी म्हणाल्या, ऊन झालं, जाऊया. वैशाखाच्या शेवटी एका जांभळाच्या फांदीवर सीतेची वेणी इतकी लांब लोंबत होती की माझ्या तोंडून शब्द फुटला. अक्का त्याच फांदीखाली दगडावर बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"तुला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "आंधळ्याचं बरं असंल. त्येला म्हाईत असतंय आपल्याला दिसत न्हाई म्हणून. मला सगळं दिसतंय गं. पन बघायचं हुईत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"औंदा देव घरी यायचाय," त्या जरा वेळानं म्हणाल्या. "माटोळी कशी करू मी? काय आणू? कशाच्या शेजारी काय लावायचं, ते डोस्क्यात येतच न्हाई. रिकाम्या चौकटीखाली बसवू काय त्येला?"

त्यांना ही एवढीच भीती होती. पोटचा गेला ते दुःख वेगळं, ते त्या कुणाला दाखवत नसत. पण जे आयुष्यभर आपोआप येत होतं तेही त्याच्याबरोबर गेलं की काय, याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायची. श्रावण संपत आला तरी त्या रानाकडे फिरकल्या नाहीत. चौकट माळ्यावरून काढून गोविंदण्णांनी पुसून भिंतीला टेकवून ठेवली. ती तशीच राहिली.

मग शेजारच्या यल्लूमामींनी मनावर घेतलं. यल्लूमामी म्हणजे मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची बाई. मुलगा बेळगावला नोकरीला. त्यांनी त्याला सांगून बाजारातून दोन पिशव्या भरून सामान मागवलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अक्का ओढ्यावर गेलेल्या बघून मामी, मुख्याध्यापक आणि मी त्यांच्या घरी गेलो. मामींनी सूत्रं हातात घेतली, मुख्याध्यापक स्टुलावर चढले, मी वस्तू हातात देत राहिले. अक्का परत येईपर्यंत चौकट छताला लागली होती आणि भरगच्च दिसत होती. सफरचंदं, मोसंबी, द्राक्षांचे घड, आणि मधूनमधून प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा.

अक्का कमरेवर धुणं घेऊन आत आल्या आणि थबकल्या. वर बघितलं. कितीतरी महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा वर बघताना पाहिलं.

"ही सफरचंदं कुणी आणली?"

"मी आणवली गं, अनसू," मामी हसून म्हणाल्या. "चांगली मोठी बघून."

"का? गणपतीला ताप आलाय?"

चुलीपाशी बसलेले गोविंदण्णा एकदम खोकल्यासारखे हसले.

"आन् द्राक्षं? भादव्यात द्राक्षं?" अक्कांनी धुण्याचं पातेलं खाली आदळलं. "हेडमास्तर, तुमी तरी. तुमी मुलांना ऋतू शिकवता न्हवं? ह्या देवानं डोळं उघडलं आन् वर बघितलं, तर त्येला काय कळंल कुठला म्हयना चाललाय? का त्येला वाटंल आपण दवाखान्यात आलोय?"

"अक्का, आम्ही आपलं..." मुख्याध्यापक स्टुलावरूनच म्हणाले.

"माटोळी म्हंजे देवाला म्हयना सांगायचा असतोय. त्यो वरसातनं एकदा येतोय. त्येला आल्या आल्या कळाय पायजे, काय पिकलंय, काय फुललंय, पाऊस किती झालाय. बेळगावच्या बाजारात काय मिळतंय त्ये त्येला कशाला सांगायचं? आन् हे काय?" त्यांनी प्लॅस्टिकचा झेंडू बोटांत धरला आणि अशा नजरेनं पाहिला की मुख्याध्यापकांनी तो आपणहून सोडायला घेतला. "उतरवा. सगळं उतरवा. कोयती कुठं हाय?"

कोयती घेऊन त्या ओल्या लुगड्यानिशीच मागच्या दारानं निघाल्या. त्या दिवशी जेवल्यासुद्धा नाहीत. मी चप्पल घालेपर्यंत त्या बांधापर्यंत पोचल्या होत्या. मागून मामींचा आवाज आला, "बरं झालं बाई. वरडली तर." आणि मग त्यांचा रडण्याचा आवाज.

रानात पाऊस भुरभुरत होता. पायांना जळवा लागत होत्या, अक्का बोटांवर मीठ घेऊन त्या काढत आणि चालत राहत. त्यांच्या चालण्यात बदल झाला होता. थांबायच्या, मागे फिरायच्या, पुन्हा त्याच झुडपापाशी यायच्या, हातातल्या दोन वस्तू एकमेकींशेजारी धरून बघायच्या. रानहळदीचे गुलाबी कोंब घेतले. तेरडा घेतला. घागऱ्यांच्या वाळलेल्या शेंगा घेतल्या, हलवून वाजवून. नेच्याची पानं, रानअळूचं एक भलंथोरलं पान, तुऱ्यावर आलेलं गवत. गवत मी पूर्वी कधी त्यांच्या माटोळीत पाहिलं नव्हतं. झुडपावर चढलेली कळलावी घेतली, तीही खालच्या बाजूची, अजून लाल न झालेली.

एका ठिकाणी मी वर बघितलं तर उंच झाडाच्या शेंड्याला वेल गेली होती आणि पानांतून लाल दिसत होतं.

"अक्का, वर कवंडळं आहेत."

त्यांनी मान वर केली नाही. त्या वाकून नेचा कापत होत्या.

"असू देत," म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी चटई टाकली आणि चौकटीखाली उताण्या झोपल्या. स्टुलावर गोविंदण्णा चढले. त्यांचे गुडघे दुखत. छातीपाशी दोर धरून ते उभे राहिले. आयुष्यात त्यांनी हे काम कधी केलं नव्हतं.

"डावीकडं घ्या," अक्का म्हणाल्या.

"माजं डावं का तुजं?"

अक्कांनी डोक्याखालचे हात सारखे केले.

"तुमचं," म्हणाल्या.

काम हळूहळू चाललं. गोविंदण्णांच्या गाठी सुटत, पुन्हा बांधाव्या लागत. अक्का एकदाही चिडल्या नाहीत. त्या जमिनीवरून बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे जात होतं, पण आवाज स्थिर होता. "गवत आनी थोडं मोकळं सोडा. वाऱ्यानं हलाय पायजे. हां. आता त्यो अळू. त्येला मधी." मी दिवा लावला तेव्हा माटोळी पुरी झाली होती. हिरवी, गुलाबी, कुठेकुठे पिवळी. रानाच्या तळाला पाण्याशेजारी बसून वर बघावं तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आरतीला भाऊबंद आले. आरती संपल्यावर नारळाची वाटी हातात घेऊन एक म्हातारा चुलतसासरा माटोळीकडे बघत राहिला.

"अनसू, औंदा माटोळी हिरवीगार केलीस," तो म्हणाला. "बरी दिसत्या. पन लाल कुठं हाय गं? तुझ्या माटोळीत लाल असतंय की."

"लाल वर ऱ्हायलं, मामंजी."

त्या वेळी माझ्या ध्यानात आलं की त्या चौकटीत एकही वस्तू अशी नव्हती जी घ्यायला झाडावर चढावं लागतं. जमिनीवर उभं राहून अक्कांचा हात पोचेल एवढंच सगळं होतं. म्हाताऱ्यालाही ते कळलं असावं. त्यानं नारळ पुन्हा ताटात ठेवला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अंगणात जाऊन बसला. आत बायका प्रसाद वाटत होत्या. सफरचंदं यल्लूमामींची नातवंडं अंगणात खात होती.

ती माटोळी मी त्यांनी केलेल्या सगळ्यांत सुंदर मानते. फोटो काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. विसर्जनाच्या दिवशी चौकटीवरचं सगळं उतरवून नदीत सोडलं, तशी रीतच आहे. अक्कांना त्याचं काही वाटत नसे. "ठेवायची असती तर लाकडाची केली असती," असं त्या पूर्वी म्हणायच्या.

यानंतर अक्का पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या असं म्हणण्याचा मोह होतो, पण तसं झालं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात एक दिवस नेच्याचं पान आलं. पुढच्या ऋतूत गवताचा तुरा. फुलं आली ती सगळी खुरटी, जमिनीलगतची. मुलांना त्या अजून खोदून विचारत, मुलं अजून हसत. पण उंच झाडांना त्या टाळत राहिल्या. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. वर्गात एका मुलीनं विचारलं, "अक्का, तुमी झाडांची फुलं का काढत न्हाई?" तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "मान दुखत्या गं."

पुढे त्या निवृत्त झाल्या. त्याच हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. बेळगावला दाखवलं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले, चढ चढायचा नाही, फार चालायचं नाही. इकडे माझी बदली खानापूरला झाली. रविवारी जमेल तसं मी जात असे. अक्का ओसरीवर बसून असायच्या, पायांवर सूज. मी कधी तिकडचं एखादं फूल सांगत असे, त्या पूर्वीसारखी उलटतपासणी घेत, आणि मधेच दम लागून थांबत. "म्होरचं पुन्यांदा सांग," म्हणत.

आषाढात त्या गेल्या. मला निरोप मिळाला तेव्हा रस्त्यावर झाड पडून बस बंद होत्या. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. गोविंदण्णा अंगणात भिजत उभे होते आणि यल्लूमामी त्यांना आत या म्हणून ओरडत होत्या. त्यामुळे मी अक्कांना शेवटचं पाहिलं ते वैशाखातच.

त्या रविवारी मी परत निघाले तर त्या म्हणाल्या, फाट्यापर्यंत येते. आम्ही दोघांनी नको नको म्हटलं. त्यांनी चपला घातल्यासुद्धा. गोविंदण्णांचा दंड धरून त्या निघाल्या, चार पावलं चालून थांबत, पुन्हा निघत. जो रस्ता आम्ही बोलताबोलता संपवायचो तो त्या दिवशी संपता संपेना. फाट्यावर बसचा थांबा आहे, आणि थांब्यामागे ओढ्याच्या काठाला एक जुनं ताम्हण. उन्हाळ्यात ते जांभळ्या तुऱ्यांनी भरून जातं. ते झाड आम्हां सगळ्यांच्या इतकं सवयीचं होतं की त्याच्याकडे कुणी बघतही नसे.

गोविंदण्णांनी त्यांना मैलाच्या दगडावर बसवलं. जरा दम खाऊन त्यांनी पाणी प्यायला म्हणून बरोबर आणलेला तांब्या तोंडाला लावला, मान मागे गेली, आणि ती तशीच राहिली. तांब्या हातात तिरपा झाला, पाणी लुगड्यावर सांडत होतं.

"अगं, सांडतंय," गोविंदण्णा म्हणाले. मग त्यांनीही वर बघितलं. "एक डहाळी काढू काय? हातभर काठी मिळाली तर येतंय."

"गप बसा हो जरा."

मी त्यांच्या बाजूनं बघत होते. तोंड किंचित उघडं, डोळे बारीक केलेले, ओठ काहीतरी ठरवल्यासारखे हलत होते. कुठल्या तरी फांदीवरून त्यांची नजर दुसऱ्या फांदीवर जायची, परत यायची, थांबायची. एक बोट मांडीवर हलत होतं, थोडं डावीकडे, आणखी थोडं डावीकडे. त्यांना आता दम लागत नव्हता, किंवा लागत असला तरी त्यांना ते कळत नव्हतं.

बस आली. मी म्हणाले, "अक्का, येते हं." गोविंदण्णांनी मला हातानं खूण केली, जावा. मी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. बस हलली तेव्हा मी हात बाहेर काढून पुन्हा एकदा हाक मारली. गोविंदण्णांनी हात वर केला. अक्कांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.